विद्यार्थी विभागातले काम नीट शिकायचे तर: वर्षभराचा क्रम

विद्यार्थी विभागात नेमणूक झाली की बहुतेकजण एकच वाट धरतात. समोर येईल त्या कार्यशाळेला नाव नोंदवायचे, प्रमाणपत्र फाइलला लावायचे आणि वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी ती फाइल पुढे सरकवायची. तीन वर्षांनी फाइल जाड होते, पण रात्री साडेदहाला वसतिगृहातून फोन आला की पाय तितकेच लटपटतात. मेहनत सगळेच करतात. क्रम उलटा असतो. आपल्या कामात नेमके काय अडते हे न पाहताच प्रशिक्षण घेतले जाते, आणि मग शिकलेले वापरायला जागाच सापडत नाही.

खालचा क्रम विद्यार्थी कल्याण अधिकारी, वसतिगृह अधीक्षक, नवागतांचे समन्वयक, विद्यार्थी मंडळांचे मार्गदर्शक आणि तक्रार कक्षातले कर्मचारी अशा सगळ्यांना लागू पडतो. पहिले दोन टप्पे मोजणीचे आहेत, मधले सरावाचे, आणि बाहेरच्या प्रशिक्षणाची पाळी अगदी शेवटी येते. तिसरा, चौथा आणि पाचवा टप्पा सावकाश करा. विद्यार्थ्याचे खरे नुकसान होते ते तिथेच.

## सुरुवात करण्याआधी

हाताशी एवढे ठेवा:

- तुमची लेखी कर्तव्यसूची. नसेल तर वरिष्ठांकडून एका पानावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेली कामे वर्षभरात फुगत जातात.
- संस्थेचे चार नियमसंच: विद्यार्थी आचारसंहिता, तक्रार निवारणाची पद्धत, वसतिगृहाचे नियम, माहितीच्या गोपनीयतेचे नियम. चारही एकदा सलग वाचा आणि प्रत्येकातल्या मुदती वेगळ्या कागदावर उतरवा.
- आठवड्याला दीड तास, दिनदर्शिकेत बैठक म्हणून नोंदवलेला. रिकाम्या वेळेची वाट पाहिली तर तो मिळत नाही.
- एक सहकारी, शक्यतो दुसऱ्या विभागातला. तो तुमचा मूल्यमापन अहवाल लिहिणारा नसावा, आणि तोंडावर खरे बोलण्याइतका परखड असावा.

तपासा: संस्थेच्या नियमांनुसार कोणत्या गोष्टी ऐकल्यावर तुम्हाला पुढे कळवणे बंधनकारक आहे, हे न अडखळता सांगता येते का? येत नसेल तर ते पाठ होईपर्यंत तिसऱ्या टप्प्याला हात लावू नका.

## टप्पा १: दहा दिवस कामाची नोंद

कामाचे सलग दहा दिवस एक साधा तक्ता भरा. रकाने सहाच: वेळ, किती मिनिटे, कोण आले (विद्यार्थी, पालक, शिक्षक, कार्यालय), काय मागितले, मी काय केले, काय राहिले. नावे लिहू नका. हा तक्ता टेबलावर पडून राहणार आहे.

दर अर्ध्या तासाला नोंद करायचा नेम तिसऱ्या दिवशी मोडतो. त्यापेक्षा काम बदलले की एक ओळ लिहा. संध्याकाळी आठवून भरलेला तक्ता तर निरुपयोगीच, कारण लक्षात राहतात ती मोठी भांडणे. चार-चार मिनिटांचे तीस व्यत्यय विसरले जातात आणि दिवस खाणारे तेच असतात.

दोन आठवड्यांपैकी एक नेहमीसारखा आणि एक गर्दीचा निवडा, जसे प्रवेशाचा किंवा निकालानंतरचा. दहाव्या दिवशी ओळींना रंग द्या: माहिती देणे, एकट्या विद्यार्थ्याशी बोलणे, कार्यक्रम, तक्रार व शिस्त, कागदपत्रे, बैठका. प्रत्येक रंगाची मिनिटे मिळवा.

एकाच प्रश्नाचे उत्तर दहा दिवसांत पंधरा वेळा दिलेले आढळले, तर तो कौशल्याचा प्रश्न नाही. एक नीट लिहिलेले सूचनापत्रक दाराबाहेर लावा आणि तेच संकेतस्थळावर टाका. असे दोन-तीन प्रश्न मार्गी लागले तर पुढच्या सरावाला लागणारा दीड तास इथूनच निघतो.

## टप्पा २: स्वतःला मोजा, पुराव्यासह

मोजायला पट्टी लागते आणि ती नव्याने तयार करण्याची गरज नाही. अमेरिकेतल्या एसीपीए आणि नास्पा या दोन व्यावसायिक संघटनांनी या कामासाठी लागणाऱ्या क्षमतांची यादी मिळून तयार केली आहे. २०१५ च्या सुधारित यादीत दहा क्षेत्रे आहेत: वैयक्तिक व नैतिक पाया; व्यवसायाची मूल्ये, तत्त्वज्ञान व इतिहास; मूल्यमापन व संशोधन; कायदा, धोरण व कारभार; संस्था व मनुष्यबळ; नेतृत्व; सामाजिक न्याय व समावेशन; विद्यार्थ्यांचे शिकणे व विकास; तंत्रज्ञान; सल्ला व आधार. प्रत्येक क्षेत्रात तीन पातळ्या: पायाभूत, मध्यम, प्रगत.

यादी परदेशी असली तरी क्षेत्रे कुठल्याही विद्यापीठाला चालतात. कायद्याच्या रकान्यात फक्त आपल्या संस्थेचे आणि आपल्या देशाचे नियम घाला.

आता प्रत्येक क्षेत्रासमोर पातळी लिहा, पण एका अटीवर. त्या पातळीचे गेल्या सहा महिन्यांतले एक उदाहरण शेजारी लिहिता आले पाहिजे. उदाहरण नाही, तर पातळी एक पायरी खाली. दहा वर्षांची नोकरी म्हणजे प्रगत पातळी नव्हे. एकच वर्ष दहा वेळा केलेले असू शकते. नंतर तोच कोरा तक्ता सहकाऱ्याकडून तुमच्याबद्दल भरून घ्या. दोघांच्या उत्तरांत जिथे फरक पडतो, तिथे तासभर बसून बोला.

शेवटी फक्त दोन क्षेत्रे निवडा. एक असे, जे पहिल्या टप्प्यातल्या तक्त्यात सर्वांत जास्त मिनिटे खाते. दुसरे असे, जिथे चूक झाली तर विद्यार्थ्याला ती महागात पडते.

नेहमीची चूक: तंत्रज्ञान निवडणे. नवे सॉफ्टवेअर शिकणे सुटसुटीत असते, लगेच दाखवता येते आणि त्यात कुणी रडत नाही. म्हणूनच ते सगळ्यांना आवडते. या विभागात काम अडते ते सहसा संभाषणात, नोंदींत किंवा तक्रारीच्या हाताळणीत, म्हणून पुढचे टप्पे त्यांचेच आहेत.

## टप्पा ३: एका विद्यार्थ्याशी अर्धा तास

याच्यासाठी पूर्ण दोन महिने ठेवा.

### खोली

बोलणे बाहेर ऐकू जाता कामा नये, पण आत कोण बसले आहे ते दिसायला हरकत नाही. काचेची पट्टी असलेले दार सर्वांत सोयीचे. खुर्च्या टेबलाच्या एकाच बाजूला आणि थोड्या तिरक्या ठेवा. अगदी समोरासमोर बसले की चौकशीचा रंग येतो. विद्यार्थी आणि दार यांच्या मध्ये तुमची खुर्ची नको. संगणकाचा पडदा बंद करा. फोन उलटा ठेवणे पुरत नाही, तो खणात जाऊ द्या.

### पहिली तीन मिनिटे: हद्द सांगा

विद्यार्थ्याने तोंड उघडण्याआधी गोपनीयतेची मर्यादा सांगून टाका. उदाहरणार्थ: "आपल्याकडे अर्धा तास आहे. तू सांगशील ते मी इकडेतिकडे बोलणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, किंवा नियमाने कळवणं भागच असलं, तर मला ते पुढे सांगावं लागेल. शक्य असेल तर त्याआधी तुला सांगेन."

"काळजी करू नकोस, कुणालाही सांगणार नाही" हे वाक्य कधीही उच्चारू नका. ते पाळता येत नाही, आणि मोडल्यावर तो विद्यार्थी पुन्हा दारात येत नाही. त्याचे मित्रही येत नाहीत.

वरच्या वाक्यात 'तू' आहे, ते पदवीच्या विद्यार्थ्याशी शोभते. संशोधन करणारा विद्यार्थी अधिकाऱ्याहून वयाने मोठा असू शकतो. शंका असेल तर 'तुम्ही'ने सुरुवात करा. हवे असेल तर तोच 'तू म्हणा' म्हणेल. शिस्तीच्या किंवा तक्रारीच्या बैठकीत मात्र दोन्ही बाजूंना 'तुम्ही'च. एकाला 'तू' आणि दुसऱ्याला 'तुम्ही' म्हटले, तर निकाल आधीच ठरल्यासारखे वाटते.

### पुढची बारा मिनिटे: ऐका

"काय झालं ते सुरुवातीपासून सांग" एवढे पुरते. 'का'ने सुरू होणारे प्रश्न टाळा. "अभ्यास का केला नाहीस?" हा जाब असतो आणि त्याला सबबच मिळते. "अभ्यासाला बसल्यावर काय होतं?" असे विचारले की माहिती मिळते.

विद्यार्थी थांबला तर मनात पाचपर्यंत अंक मोजा. बहुतेकजण दुसऱ्या अंकालाच बोलायला लागतात आणि नेमके बाहेर येणारे वाक्य परत आत जाते.

दर तीन-चार मिनिटांनी त्याचेच म्हणणे त्याच्याच शब्दांत परत करा: "म्हणजे दोन विषय राहिलेत हे घरी अजून माहीत नाही, आणि त्याचीच जास्त धास्ती आहे. बरोबर?" शेवटचा 'बरोबर?' गाळू नका. तुमचे ऐकणे चुकले असेल तर ते तिथेच कळते.

### पुढची दहा मिनिटे: चार कोपरे

विद्यार्थ्याच्या आयुष्यात काहीतरी पालटलेले असते: नवे शहर, नापास होणे, नाते तुटणे, घरातले आजारपण. अशा वेळी नॅन्सी श्लॉसबर्ग यांच्या स्थित्यंतराच्या सिद्धांतातले चार कोपरे उपयोगी पडतात. एकेका कोपऱ्याला एक प्रश्न पुरे.

- परिस्थिती: हे कधीपासून आहे, अचानक आले की दिसत होते, किती दिवस चालेल असे वाटते?
- स्वतः: याआधी असे अवघड काही निभावले होते का? तेव्हा काय कामी आले?
- आधार: हे आत्ता आणखी कुणाला माहीत आहे?
- मार्ग: आतापर्यंत काय करून पाहिले?

नवखा अधिकारी थेट चौथ्या कोपऱ्यात उडी मारतो आणि उपाय सुचवू लागतो. त्यातले निम्मे उपाय विद्यार्थ्याने आधीच करून पाहिलेले असतात, ही गोष्ट निराळी. तिसऱ्या कोपऱ्याचे उत्तर "कुणालाच नाही" असे आले, तर बाकीचे सगळे बाजूला ठेवून पुढची तपासणी करा.

### धोक्याची तपासणी

निराशेचे बोलणे, निरोपासारखे संदेश, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, अनेक रात्री झोप नसणे, "मी नसलो तर बरं होईल" अशी वाक्ये. यांपैकी काहीही दिसले की थेट विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?"

असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलण्याची परवानगी मिळते. "तसलं वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?" हे मात्र विचारू नका, कारण त्या प्रश्नात 'नाही' हे उत्तर आधीच घातलेले आहे.

उत्तर 'हो' असेल तर आणखी तीन गोष्टी विचारा: काही ठरवले आहे का, साधन हाताशी आहे का, कधी. उत्तरे काहीही आली तरी विद्यार्थ्याला एकटे सोडू नका. समुपदेशकांना किंवा तातडीच्या वैद्यकीय सेवेला खोलीतूनच फोन करा, आणि प्रत्यक्ष माणूस येऊन जबाबदारी घेईपर्यंत तिथेच बसा. "असं करणार नाही" असे हमीपत्र लिहून घेण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. त्या कागदाने जीव वाचतो याला आधार नाही. उलट कार्यालय निर्धास्त होते, तेच धोक्याचे.

### शेवटची पाच मिनिटे

कोण, काय, कधीपर्यंत: तिन्ही मोठ्याने म्हणा आणि चिठ्ठीवर लिहून विद्यार्थ्याच्या हातात द्या. पुढची भेट तारखेसह ठरवा. "काही लागलं तर ये" म्हणजे भेट ठरली नाही.

### सराव कसा करायचा

तिघे बसा: एक अधिकारी, एक विद्यार्थी, एक निरीक्षक. दहा मिनिटे संभाषण, पाच मिनिटे अभिप्राय, मग भूमिका बदला. पाऊण तासात तिघांची एकेक फेरी होते. आठवड्याला एकदा, असे सलग चार आठवडे करा. निरीक्षकाने मत द्यायचे नाही, फक्त मोजायचे: खुले प्रश्न किती, हो-नाहीचे किती, मध्येच किती वेळा तोडले, सर्वांत लांब शांतता किती सेकंदांची. ढोबळ मापाने अधिकाऱ्याचे बोलणे एकूण वेळेच्या एक तृतीयांशापेक्षा कमी हवे. पहिल्या फेरीत ते निम्म्याहून जास्त निघाले तरी बिचकू नका. आकडा डोळ्यांसमोर आला की दुसऱ्या फेरीपासून तो खाली येऊ लागतो.

सावधान: सरावासाठी खऱ्या विद्यार्थ्याचे प्रकरण वापरू नका, नाव बदलूनही नाही. छोट्या संस्थेत दोन तपशिलांवरून माणूस ओळखू येतो.

## टप्पा ४: त्याच दिवशी नोंद

संभाषण चांगले झाले आणि नोंद ढिसाळ राहिली, तर सहा महिन्यांनी तुमच्या जागी आलेल्या माणसाला काहीच कळत नाही. नोंद त्याच दिवशी, दहा-बारा ओळींत. कसोटी एकच: हा कागद उद्या विद्यार्थ्याने स्वतः वाचला तर त्याला अन्याय वाटेल का?

वाईट नोंद अशी असते: "विद्यार्थिनी नैराश्यात आहे. घरचे वातावरण बरे नाही. समजावून सांगितले." यात निदान आहे, जे करण्याचा तुम्हाला अधिकार नाही. घरावर शेरा आहे, जो कुणीतरी एकतर्फी सांगितलेला आहे. आणि 'समजावले' म्हणजे काय केले, ते देवच जाणे.

तीच भेट नीट लिहिली तर: "११.१० ते ११.४५. 'तीन आठवडे रात्री दोननंतरच झोप लागते' असे तिने सांगितले. बोलताना दोनदा रडली. जिवाबद्दल थेट विचारले. 'तसं मनात येत नाही' असे उत्तर. समुपदेशकांची उद्या १२ ची वेळ माझ्यासमोर ठरवली. परवा मी फोन करणार."

म्हणजे ऐकलेले अवतरणात, पाहिलेले वेगळे, केलेले वेगळे, आणि पुढची तारीख. अंदाज लिहायचाच असेल तर 'माझा अंदाज' असे शब्द घालून.

तपासा: नोंद कुठे ठेवली? कुलपाच्या कपाटात किंवा परवानगी असलेल्यांनाच उघडणाऱ्या प्रणालीत असेल तर ठीक. विभागाच्या व्हॉट्सॲप गटात विद्यार्थ्याचे नाव टाकून "जरा लक्ष ठेवा" असे लिहिले असेल, तर तो गोपनीयतेचा भंग आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

## टप्पा ५: दुसऱ्याकडे सोपवणे

'पाठवले' आणि 'पोहोचला' यांत बरेच विद्यार्थी हरवतात. समुपदेशन कक्षाचा नंबर दिला, काम झाले, असे समजले जाते. फोन करण्याचे बळ नसते म्हणून तर तो तुमच्याकडे आलेला असतो.

१. आधी एका पानाची यादी तयार करा: समुपदेशन, वैद्यकीय मदत, शिष्यवृत्ती व शुल्क, अपंगत्व सहाय्य, छळाच्या तक्रारींची समिती, परीक्षा विभाग, रात्रीची तातडीची मदत. प्रत्येकासमोर पद, वेळ, फोन, ती व्यक्ती रजेवर असल्यास कोण, आणि तिथे काय मिळत नाही. हा शेवटचा रकाना बहुतेक याद्यांत नसतो आणि विद्यार्थी चुकीच्या दारातून परत फिरतो.

२. दर तीन महिन्यांनी यादीतला प्रत्येक नंबर स्वतः फिरवून पाहा.

३. सोपवताना विद्यार्थ्याच्या संमतीने, त्याच्यासमोर फोन लावा आणि वेळ ठरवा. त्याची कहाणी पुन्हा सांगावी लागू नये म्हणून काय कळवायचे ते त्यालाच विचारा: "मी त्यांना यातलं किती सांगू?"

४. तीन दिवसांच्या आत एकच प्रश्न विचारा: भेट झाली का? आत काय बोलणे झाले ते विचारायचे नाही.

## टप्पा ६: तक्रार हाताळताना क्रम मोडू नका

इथे कौशल्यापेक्षा शिस्त महत्त्वाची. तक्रार आल्यावर तिचा प्रवास असा असतो: तातडीची सुरक्षितता (जसे खोली बदलणे), लेखी तक्रार व पोच, ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोपाची लेखी माहिती आणि उत्तराला वेळ, दोघांचे वेगवेगळे ऐकणे, निर्णय, निर्णयाची लेखी कारणे, अपिलाची वाट. कुठल्याही दोन पायऱ्यांची अदलाबदल झाली तर पुढे अपिलात सगळेच ढासळू शकते, आणि ज्याला न्याय मिळायचा त्यालाच पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते.

दोन चुका सतत दिसतात. पहिली, सकाळी तक्रारदाराला धीर देणारा अधिकारीच दुपारी चौकशी समितीत बसतो. आधार देणारा आणि निर्णय देणारा एकच असू शकत नाही. आपण आधीच एका भूमिकेत शिरलो असू तर समितीतून लेखी बाजूला व्हा. दुसरी, "दोघांना समोरासमोर बसवून मिटवून टाकू". वसतिगृहातल्या आवाजाच्या भांडणात हे चालते. छळाच्या, रॅगिंगच्या किंवा जिथे एकाची दुसऱ्यावर सत्ता आहे अशा तक्रारीत ते मुळीच करू नका. त्यासाठी ठरलेली समिती असते आणि तक्रार तिच्याकडे मुदतीत पोहोचवणे एवढेच तुमचे काम.

## टप्पा ७: कार्यक्रम झाला, पुढे काय

'जागृती निर्माण करणे' हे उद्दिष्ट लिहायला सोपे, कारण ते फसले हे कधीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी असे लिहा: "सत्रानंतर एका आठवड्याने नवागत विद्यार्थी माहितीपुस्तिका न उघडता रात्रीच्या तातडीच्या मदतीची वाट सांगू शकेल, दहापैकी आठजणांना हे जमले पाहिजे." कोण, काय करेल, कोणत्या अटीत, किती प्रमाणात, हे चारही त्यात आहे.

उद्दिष्ट असे लिहिले की मोजायचे काय ते आपोआप ठरते. सत्राआधी तीन प्रश्न, आठवड्याने तेच तीन प्रश्न. "कार्यक्रम आवडला का?" हा प्रश्न ठेवा हवा तर, पण त्यातून फक्त प्रतिक्रिया कळते. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या चार पायऱ्यांत (प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन, परिणाम) ती सर्वांत खालची आहे.

आकडे लिहिताना जपा. १२० विद्यार्थी आले, ३० जणांनी फॉर्म भरला, त्यांतल्या २७ जणांना सत्र उपयोगी वाटले. अहवालात "९० टक्के विद्यार्थी समाधानी" असे छापून येते. प्रत्यक्षात २७ हे १२० चे साडेबावीस टक्के, आणि उरलेल्या ९० जणांचे मत कुणालाच माहीत नाही. अहवालात तिन्ही आकडे द्या. शक्य असेल तर फॉर्म सभागृह सुटण्याआधीच पाच मिनिटे राखून भरून घ्या. दुव्यावर नंतर उत्तरे देणारे सहसा खूप खूश असतात किंवा खूप चिडलेले.

## टप्पा ८: वरिष्ठांबरोबर महिन्याला पाऊण तास

ही बैठक कामाच्या आढाव्याची नसावी. तो वेगळा घ्या, नाहीतर पाऊण तास 'अहवाल कधी देता'मध्येच जातो. तीन गोष्टी घेऊन जा: एक अवघड गेलेले प्रकरण (नाव व ओळखीचे तपशील काढून), एक निर्णय ज्याबद्दल मन साशंक आहे, आणि एक नेमका प्रश्न. "माझं काम कसं चाललंय?" याला "छान" हेच उत्तर मिळते. "पालक ओरडायला लागल्यावर मी उठून उभा राहिलो. बसून राहायला हवं होतं का?" याला उपयोगी उत्तर मिळते.

कामाचा ताणही याच बैठकीत मांडा, कबुली म्हणून नव्हे तर आकड्यांत. गेल्या महिन्यात रात्री किती फोन आले, किती सुट्ट्या मोडल्या, किती प्रकरणांत जिवाचा धोका होता. रात्रीच्या फोनची पाळी किमान दोघांत वाटलेली असली पाहिजे. वैयक्तिक नंबर सगळ्या वसतिगृहाला देणारा अधिकारी वर्षभर लाडका असतो आणि पुढच्या वर्षी बदली मागतो.

## टप्पा ९: पुरावे, आणि मगच प्रशिक्षण

निवडलेल्या दोन क्षेत्रांसाठी प्रत्येकी एक पान. त्यावर: सुरुवातीची पातळी, काय केले, काय बदलले, पुरावा कोणता. पुरावे सगळे मिळून बारापेक्षा जास्त नकोत. सरावातल्या निरीक्षकाचे मोजणीचे कागद, तुम्ही सुधारलेले सूचनापत्रक, आधी-नंतरच्या प्रश्नांचे निकाल, अद्ययावत केलेली यादी हे पुरावे झाले. हार घातलेले फोटो आणि उपस्थितीची प्रमाणपत्रे यांत मोडत नाहीत. विद्यार्थ्यांच्या नोंदी, चिठ्ठ्या, आभाराचे संदेशसुद्धा यात लावू नका. ते तुमच्या बढतीसाठी लिहिलेले नसतात.

एवढे झाल्यावर जी उणीव उरते तिच्यासाठी प्रशिक्षण शोधा. नाव नोंदवण्याआधी आयोजकांना तीन प्रश्न विचारा: एकूण वेळेपैकी प्रत्यक्ष सराव किती, प्रत्येकाला वैयक्तिक अभिप्राय मिळतो का, एका तुकडीत किती जण. दोनशेजणांच्या सभागृहात ऐकण्याचे कौशल्य शिकवता येत नाही, तिथे फक्त ऐकावे लागते. परत आल्यावर तीस दिवसांत शिकलेली एक गोष्ट कामात वापरा आणि ती तारीख पानावर लिहा. तारीख लिहिता आली नाही तर पुढचे प्रशिक्षण मागू नका.

बारा महिन्यांनी पहिल्या टप्प्यातला दहा दिवसांचा तक्ता पुन्हा भरा, तशाच दोन आठवड्यांत, त्याच रंगांनी. एकूण मिनिटे कमी होतीलच असे नाही. दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा: 'काय राहिले' या रकान्यात मागच्या वर्षी किती ओळी होत्या आणि आता किती आहेत, आणि माहिती देण्याच्या रंगातून किती मिनिटे एकट्या विद्यार्थ्याशी बोलण्याच्या रंगात सरकली. दुसरा आकडा जागचा हलला नसेल, तर पुढच्या वर्षीचे पहिले क्षेत्र तेच ठेवा.